हत्तीच्या गोष्टीतला राजा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी बाबांवर ओरडले, तेव्हापासून तोंडात घास फिरतोय. आई म्हणाली, रात्रभर त्यांना झोप नव्हती आणि सकाळी बीपी वाढलेलं निघालं. माझ्यामुळेच. माफ करा. जे बोलले ते मात्र मागे घेत नाही, चढलेला आवाज तेवढा मागे घेते.

बाबा, तुमच्या मनात वाईट नव्हतं हे मला सांगायला हवं का? सासूबाई गेल्या, सासरे एकटे पडले, तुम्ही धीर द्यायला गेलात. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, हे गीतेतलं सांगितलंत. इथपर्यंत ते मान खाली घालून ऐकत होते. मग तुम्ही म्हणालात, "तुमच्या ख्रिस्ती धर्मात तरी वेगळं काय आहे हो? शब्द वेगळे. सगळे धर्म एकच." ते उठून आत गेले आणि तुम्ही आईला म्हणालात, माणूस हट्टी आहे.

हट्टी नाहीत हो ते. नंतर मला म्हणाले, "मला ती परत भेटणार आहे. तीच, त्याच नावाची." ते रोज जी प्रार्थना म्हणतात तिच्यात 'देहाचे पुनरुत्थान' असे शब्दच आहेत. सासूबाई कुठेतरी दुसऱ्याच कुणाची मुलगी होऊन जन्मल्या असतील, तर या माणसाने वाट कुणाची पाहायची? तुम्ही धीर म्हणून जे दिलंत, त्याने त्यांची बायको त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा गेली. मला हे तेव्हा शांतपणे सांगता आलं असतं. नाही आलं.

'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति', म्हणजे सत्य एकच, जाणते त्याला अनेक नावांनी सांगतात, हे ऋग्वेदातलं तुमचं लाडकं वचन मी विसरलेले नाही. पण त्या ऋचेत इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी नावं आहेत. एकाला दहा नावं असू शकतात. पुनर्जन्म आहे आणि पुनर्जन्म नाही, ही काही एकाच गोष्टीची दोन नावं नव्हेत. येशूला क्रुसावर मरण आलं असं शुभवर्तमानं सांगतात. कुराणाच्या चौथ्या सूरेत, त्यांनी त्याला मारलं नाही आणि क्रुसावरही दिलं नाही असं आहे. जैन प्रत्येक देहात जीव मानतात, बुद्ध अनात्म सांगतो, म्हणजे कायमचा आत्मा असा नाहीच. यांतलं सगळंच्या सगळं एकाच अर्थाने खरं कसं असेल? कुणीतरी चुकतंय. कदाचित आपणही. (आई, कानांवर हात ठेवू नकोस.) दया, खरं बोलणं, दुसऱ्याच्या दुःखाला धावून जाणं, इथे सगळे जवळ येतात हे मलाही मान्य आहे. पण माणूस मेल्यावर काय होतं, हे विचारलं की वाटा फुटतात.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवते? दिवे गेले की तुम्ही चादर घेऊन सोंड व्हायचात, आई पाय, मी शेपूट ओढायची. केवढी हसायचे मी! आता लक्षात येतं, अख्खा हत्ती दिसणारा राजा नेहमी तुम्हीच असायचात. ती गोष्ट उदान या पाली बौद्ध ग्रंथात आहे, आणि तिथे बुद्ध ती भांडणाऱ्या पंथांबद्दल सांगतो. एवढासा भाग हाती लागलेले लोक भांडतात, असं तो म्हणतो; सगळे बरोबर आहेत असं नाही म्हणत. आणि 'सगळे एकच' म्हणणारा माणूस आपण आंधळ्यांत नाही असंच धरून चालतो, नाही का? रागावू नका. माझे राजे तुम्हीच आहात.

सासऱ्यांचं कॅथलिक चर्चही २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात म्हणतं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. आणि तिथेच, ख्रिस्ताची घोषणा करत राहणं हे आपलं कर्तव्य, असंही म्हणतं. सासरे तसेच आहेत. तुम्हाला मान देतात आणि तुमचं त्यांना पटत नाही.

तर आता ठरलेलं सांगते. सासरे यापुढे कायमचे आमच्याकडे राहतील. आणि पिल्लूला आम्ही 'सगळं एकच' असं शिकवणार नाही. तिने विचारलं, आजी स्वर्गात आहे की पुन्हा बाळ झाली? आम्ही सांगितलं, एक आजोबा असं मानतात, दुसरे तसं, दोघांनाही विचार. पुढे ती काय मानेल ते तिचं ती बघेल. आम्ही दोघांनी फार विचार केलाय, जावयांनी माझ्याहून जास्त. तुमच्यापासून तिला तोडत नाही आहोत, उलट तुमचं तुमच्याच तोंडून तिला ऐकू द्यायचंय.

तुमची खोली तुमचीच आहे. खिडकीकडची बाजू बाबांची, जाड उशी आईची. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, रात्रीचा छोटा दिवाही लावलाय. देवाची जागा पूर्वेच्या भिंतीला तशीच, सासऱ्यांचा क्रूस त्यांच्या खोलीत. टीव्हीचा रिमोट बाबांकडे, यावर सासरे आधीच राजी झालेत.

बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, आठवली की घ्यायची असं नाही. आई, वहीत रोज आकडा लिही. पायऱ्या उतरताना कठड्याला धरा. आणि बाबा, अशोकाच्या बाराव्या शिलालेखातला तो गिरनारचा शब्द तुम्हीच मला शिकवलात: वचिगुती. दुसऱ्याच्या पंथाबद्दल बोलताना जीभ आवरणं. इथे आल्यावर पहिले दोन दिवस धर्मावर बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना सासूबाईंबद्दल विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. जमेल तुम्हाला, माझं ऐकत आलातच की.

पिल्लूला हत्तीची गोष्ट हवी आहे. चादर काढून ठेवलीय.

तुमची,
चिऊ