अप्रेंटिस म्हणून जाताय, मग शेजारी कोण बसणार ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांनी लिहिलं होतं की बँकांनी अप्रेंटिसच्या नावाखाली शिकलेल्या पोरांना स्वस्तात राबवून घ्यायचं काढलंय, सोलापूरच्या पोरांनी असल्या भानगडीत पडूच नये. ते वाचल्यापासून मला चैन नाही, कारण मी स्वतः एक वर्ष एका मोठ्या बँकेच्या पुण्यातल्या आयटी विभागात अप्रेंटिस होते. काकांचं निम्मं बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यामुळे एखाद्या हुशार पोराचं नुकसान होईल, म्हणून हे लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आप्पा पॉवरलूमवर, आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंजिनिअरिंगनंतर पुण्याला गेले तर तिथे सकाळच्या मीटिंगमध्ये सगळं इंग्रजी. पहिले पंधरा दिवस मी तोंडच उघडलं नाही. गल्लीत सगळ्यांना वाटलं बँकेत नोकरी लागली, शेजारच्या काकू आईला रोज विचारायच्या, "किती देवलालेत गं पोरीला?" आईला काय सांगावं कळायचं नाही, कारण ही नोकरी नव्हती. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात स्पष्ट आहे की अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नाही, त्यामुळे पीएफ नाही, आणि वर्ष संपल्यावर ठेवून घ्यायचंच असं बंधनही नाही, ते ज्या त्या संस्थेच्या धोरणावर. मला महिन्याला 15000 मिळायचे. त्यातले 7000 खराडीला कॉट बेसिसवर, मग मेस, बसचा पास, पंधरा दिवसांनी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी यायचं भाडं, म्हणजे घरी पाठवायला काहीच उरायचं नाही. काकांचा राग इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या घरची चूल त्याच्या पगारावर पेटते त्याला हे वर्ष परवडतच नाही, आमचं भागलं ते आईने जास्तीच्या विड्या वळल्या म्हणून.

पण मी काय शिकले ते पण ऐका.

मला रिकॉनच्या, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी जुळवणाऱ्या टीममध्ये टाकलं होतं. आपण यूपीआयने पैसे पाठवतो तेव्हा त्या एका व्यवहाराची नोंद बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये (खात्यांच्या मुख्य सिस्टीममध्ये) पडते, व्यवहार पुढे पोचवणाऱ्या मधल्या स्विचमध्ये पडते आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडून सेटलमेंटची, म्हणजे बँकांच्या आपसातल्या देण्याघेण्याची फाईल येते त्यात पण असते, आणि या तिन्ही ठिकाणचे आकडे रोज एकमेकांशी जुळवायचे असतात. लाखो ओळी मशीनच जुळवतं, पण ज्या जुळत नाहीत त्या माणसाला बघाव्या लागतात. खात्यातून पैसे कापले पण समोरच्याला पोचलेच नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेले पाहिजेत, नाहीतर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम. मी इतकी वर्षं यूपीआय वापरत होते पण यामागे रोज कुणीतरी ओळी बघत बसतं हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. न जुळलेल्या ओळींची फाईल मला तपासायला दिली होती, मी ती सरळ एक्सेलमध्ये उघडली, दोन रकाने नीट केले आणि सेव्ह केली. आता प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी आरआरएन नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक असतो, आणि एक्सेल एवढा मोठा आकडा दिसला की त्याला 5.12ई+11 असं करून टाकतं, आणि सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाईल तशीच सेव्ह केली की पुढचे आकडे कायमचे गेले. म्हणजे माझ्या फाईलमधले सगळे वेगवेगळे व्यवहार एकसारखेच दिसायला लागले. माझे हातपाय गार पडले. शेजारी बसणाऱ्या सिनिअर मॅडमना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत, मूळ फाईल सर्व्हरवर सुरक्षित होती आणि आम्हाला चालू सिस्टीमला हात लावायची परवानगीच नसते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली, फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडायला लावली आणि म्हणाल्या, आता हा नंबर वाच. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. मग ती ओळ तिन्ही फाईलमध्ये माझ्याकडून हाताने शोधून घेतली. 340 रुपयांचा व्यवहार होता, अजून आठवतो. त्यानंतर मी नंबरचा रकाना टेक्स्ट केल्याशिवाय कुठलीही फाईल उघडलेली नाही, आणि पुढच्या महिन्यात हेच काम करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली, तीनदा परत पाठवली, चौथ्यांदा पास केली. एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, बँकेत त्याला मेकर-चेकर म्हणतात, ते मला तिथे कळलं. कॉलेजमध्ये चार वर्षांत माझा प्रोग्रॅम कुणी असा ओळ न ओळ वाचला नव्हता.

घरी आल्यावर आप्पांना हे सांगितलं तर त्यांना लगेच समजलं. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून जोडायचा असतो, एक जरी चुकला तर पुढच्या सगळ्या कापडात ती रेघ दिसत राहते. आप्पा पहिली दोन वर्षं नुसत्या आडव्या धाग्याच्या कांड्या भरत आणि गाठी मारत जॉबरच्या, म्हणजे लूम लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या बाजूला उभे होते, पैसे नावाला मिळायचे, पण तो जॉबर शिकवणारा होता. सोलापुरात हे कुणाला वेगळं सांगायला नको.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते, कारण काकांचं निम्मं बरोबर कसं ते त्यात आहे. ती पण कॉम्प्युटरवाली, माझ्यापेक्षा हुशार, दुसऱ्या एका बँकेत अप्रेंटिस म्हणून गेली. तिला शाखेत बसवलं. वर्षभर पासबुक प्रिंट करणं, केवायसीचे फॉर्म स्कॅन करणं आणि शेवटचे चार महिने तर खातेदारांना विमा घ्या म्हणून फोन करणं, त्याला टार्गेट पण. तिला कुणी काही शिकवलं नाही, विचारलं तर म्हणायचे शिकशील हळूहळू. सर्टिफिकेट दोघींनाही मिळालं. पण मला इंटरव्ह्यूत विचारलं की दोन फाईल जुळत नसतील तर काय करशील, मी वीस मिनिटं बोलले आणि ती नोकरी लागली. (माझ्या बँकेने मला ठेवून घेतलं नाही, तिथे कायम व्हायला परीक्षाच द्यावी लागते. आता मी एका पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरातून करते.) मैत्रिणीला तोच प्रश्न आला आणि ती गप्प बसली, आणि यात तिची काय चूक होती?

आणि खरा घोळ पुढे आहे. बऱ्याच बँकांच्या जाहिरातीत अट असते की आधी कुठे अप्रेंटिसशिप केलेली असेल किंवा एक वर्षाचा अनुभव असेल तर अर्ज चालणार नाही. म्हणजे ही संधी एकदाच. तिचं ते वर्ष पासबुकात गेलं, आता परत मिळणार नाही. त्यामुळे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सही करायच्या आधी विचारा, लेखी विचारा, की मला कुठल्या विभागात बसवणार, आयटी की शाखा, रोज कुणाच्या हाताखाली, आणि वर्षात काय काय शिकवणार. विचारायला लाज वाटते, मला पण वाटायची, आपल्याकडे मिळतंय तेच पुष्कळ असं घरातूनच शिकवलेलं असतं. पण हा करार असतो, त्याची पोर्टलवर नोंद होते, आणि ग्रॅज्युएट आणि डिप्लोमावाल्यांच्या नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेत ठरलेल्या किमान स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) निम्मा वाटा केंद्र सरकार देतं, तो पैसा शिकवण्यासाठीच आहे. शिकाऊ माणसाकडून परवानगीशिवाय ओव्हरटाईम करून घेता येत नाही हे पण कायद्यात आहे. आमच्या मॅडम रात्रीच्या रिलीजला, म्हणजे सिस्टीममध्ये नवे बदल चढवतात तेव्हा, मला कधीच थांबवून घ्यायच्या नाहीत, सहा वाजले की घरी पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा लॉग, म्हणजे सिस्टीमने ठेवलेली नोंद, उघडून दाखवायच्या. जिथे असं होत नाही तिथल्या पोरांनी मुंबईत सायनला पश्चिम विभागाचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग आहे तिथे तक्रार करावी, हे मैत्रिणीला वर्ष संपल्यावर कळलं.

आपल्या कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलला माझी हात जोडून विनंती आहे, बँकांच्या अप्रेंटिस भरतीची नोटीस नुसती ग्रुपवर ढकलू नका, आधी जाऊन आलेल्या पोरांना बोलवा, त्यांना अर्धा तास बोलू द्या. मी कुठल्याही कॉलेजला यायला तयार आहे, पैसे नकोत. आणि बँकांनी पण सोलापूरसारख्या गावातून येणाऱ्या पोरांच्या राहण्याचं काहीतरी बघावं, नाहीतर हे वर्ष फक्त पुण्यात घर असलेल्यांसाठीच राहील.

आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला परवा बँकेचा मेल आलाय, सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. तीन पानी मेल आहे, त्यात आधार कार्डाच्या किती झेरॉक्स आणायच्या ते दोनदा लिहिलंय, पण विभागाचं नाव कुठेच नाही. ती आता माझ्या शेजारी बसून ते विचारणारा मेल टाईप करतेय.

आपली,
एक वाचक, सोलापूर