झेपेलिन खरंच आतड्यांची होती

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टीनएजर मुलांच्या स्टीमपंक कादंबऱ्यांवर लेख आला होता, म्हणजे पहिलं महायुद्ध वेगळ्याच यंत्रांनी लढलं गेलं असतं तर, अशा टाइपच्या. लेख मस्त होता पण शेवटी 'डोकं बाजूला ठेवून वाचा' असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. डोकं जागेवर ठेवून वाचलं तरच खरी गंमत कळते.

आता अशा कादंबरीत जनावरापासून बनवलेलं हवाई जहाज आलं म्हटलं की पोरं म्हणणार काय भन्नाट कल्पना आहे! अहो पण खऱ्या झेपेलिनमधल्या, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या त्या अवाढव्य जर्मन हवाई जहाजांमधल्या, हायड्रोजनच्या पिशव्या गाईबैलांच्या आतड्याच्या पापुद्र्यानेच मढवायचे, एका मोठ्या जहाजाला अडीच लाखाच्या आसपास जनावरं लागायची आणि त्यापायी काही भागात चक्क सॉसेज (तेही आतड्यातच भरतात) बनवायला बंदी घातली होती. मुलाच्या वेषात सैन्यात शिरलेली हिरॉईनही काही हवेतून आलेली नाही, सर्बियाची मिलुन्का साविच तशीच भरती झाली, जखमी झाल्यावर पितळ उघडं पडलं तरी सैन्यात राहिली आणि पुढे महायुद्धातही लढली.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट एल ५९ ची. नोव्हेंबर १९१७ मध्ये हे झेपेलिन बल्गेरियातून निघालं, पूर्व आफ्रिकेत अडकलेल्या जर्मन फौजेला औषधं, दारूगोळा पोचवायला. तिकडे परत भरायला हायड्रोजन नाही, म्हणून प्लॅनच असा की पोचल्यावर जहाज मोडायचं, कापडाचे तंबू करायचे, सांगाडा बांधकामाला वापरायचा. सुदानपर्यंत गेलं आणि रेडिओवर 'परत फिरा' आलं, मग तसंच माघारी, जवळपास ९५ तास न थांबता, ६,८०० किमीच्या आसपास. यात कुठल्या लेखकाने आणखी काय घालायचं सांगा.

म्हणूनच ज्या कादंबरीत यंत्राला गॅस संपायची, वजनाची, इंधनाची कसलीच काळजी नसते ती मला बोअर होते. सप्टेंबर १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत पहिल्यांदा आलेले ब्रिटिश रणगाडे २८ टनांचे, वेग माणूस चालतो जेमतेम तेवढा, आत आठ जण इंजिनाच्या धुरात आणि उकाड्यात गुदमरायचे आणि त्यातले कित्येक तर लढाईआधीच बंद पडले. चार पायांचा वाफेवरचा रणगाडा खुशाल दाखवा हो, पण आत बसलेल्याला थोडा घाम तरी येऊ दे, नाहीतर युद्ध म्हणजे नुसता व्हिडिओ गेम होतो आणि मेलेली माणसं कुठे दिसतच नाहीत.

एकच विनंती, अशा पुस्तकांचं परीक्षण छापाल तेव्हा बाजूला छोटी चौकट टाका, यातलं खरं काय आणि लेखकाच्या मनातलं काय. काही लेखक स्वतःच शेवटी तसं देतात, जे देत नाहीत त्यांच्या पुस्तकांना तर ती हवीच.

आपला एक नियमित वाचक