तक्रार: गाडीच्या उघडलेल्या दाराने झालेल्या अपघाताचा दावा नाकारल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

महोदय,

आपल्या इंदूर शाखेला मी दोनदा हिंदीतून लिहिले. पहिल्या पत्राची पोच आली, दुसऱ्याच्या उत्तरात चार ओळींचे नकारपत्र आले. म्हणून आता मुख्य कार्यालयाला माझ्या भाषेत सविस्तर लिहीत आहे. एकवीस वर्षांच्या मुलीचे हाड मोडले आहे आणि आपल्या नकारामुळे त्या खर्चाला कोणी वाली उरलेला नाही.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी आणि माझ्या सासूबाई राजवाड्याकडून लोकमान्यनगरला घरी येत होतो. मी शाळेत संगीत शिकवते. दुरुस्तीला दिलेली पेटी त्याच दिवशी हाती आली होती आणि तिला हिसका बसू नये म्हणून मागच्या सीटवर डावीकडे ठेवली होती. पुढे पिशव्या होत्या. त्यामुळे आई माझ्या मागे, उजव्या बाजूला बसल्या. त्यांचे वय एकाहत्तर आहे, एरवी त्या नेहमी डावीकडे बसतात. जवाहर मार्गावर औषधाच्या दुकानासमोर मी गाडी थांबवली. कडेला हातगाड्या आणि मोटरसायकली होत्या, त्यामुळे गाडी बाजूला पूर्ण घेता आली नाही, निम्मी रस्त्यातच राहिली. "आई, तुमच्या गोळ्या घ्यायच्यात ना, इथेच दुकान आहे," एवढेच मी बोलले. आरशात पाहिले नाही. "थांबा, मागून गाडी येतेय का बघते," असेही म्हटले नाही.

दार वीत-दीड वीत उघडले असेल. मागून येणाऱ्या स्कूटरचे हँडल त्याच्या कडेला अडकले आणि चालवणारी मुलगी उजव्या खांद्यावर आपटली. तिच्या पिशवीतला पांढरा एप्रन रस्त्यावर पसरला आणि कोणी उचलायच्या आत त्यावरून एक रिक्षा गेली. ती नर्सिंगचे शिक्षण घेते, हे नंतर कळले. आईंचा हात दाराच्या हँडलवर तसाच होता. मला त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

दार लागत नव्हते म्हणून तिला रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात नेले. कॉलरबोन मोडले होते. तिची आई येईपर्यंत काउंटरवर मी 18,500 रुपये भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या टोल फ्री नंबरवर कळवले, तिसऱ्या दिवशी शाखेत लेखी दिले. पोलिसांनी वाहनचालक म्हणून माझ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली गुन्हा नोंदवला. मी त्याबद्दल कुरकुर केलेली नाही.

आपल्या नकारपत्रात तीन गोष्टी आहेत. पहिली अशी: "वाहन थांबलेले होते, दार प्रवाशाने उघडले, चालकाचा निष्काळजीपणा दिसत नाही, जखमी व्यक्तीने संबंधित प्रवाशाकडून भरपाई मागावी." म्हणजे त्या मुलीने माझ्या सासूबाईंकडून पैसे मागावेत. त्यांचे उत्पन्न म्हणजे सासऱ्यांच्या मागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन. आणि त्या मुलीच्या घरच्यांनी त्यांच्यामागे कोर्टाचे खेटे घालावेत! हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचलेले नाही. नकारपत्र कपाटात ठेवले आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. कलम 147 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहनाच्या वापरामुळे किंवा वापरातून तिऱ्हाइताला इजा झाली, तर ती जबाबदारी पॉलिसीत यायलाच हवी. माझ्या पॉलिसीच्या दुसऱ्या भागातही तेच शब्द आहेत. मग वापर म्हणजे काय, एवढाच प्रश्न उरतो. पुणे-बंगळुरू महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटून काही तासांनी भडका उडाला आणि माणसे दगावली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली स्पष्ट सांगितले आहे की वापर या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, वाहन हलत नसले तरी त्याचा वापर संपत नाही, आणि "वापरातून उद्भवलेली" हे शब्द "वापरामुळे झालेली" पेक्षाही अधिक व्यापक आहेत. उलटून पडलेला टँकर जर वापरात धरला जातो, तर इंजिन चालू ठेवून भर रस्त्यात माणूस उतरवायला थांबवलेली माझी गाडी वापरात नव्हती, हे आपल्या अधिकाऱ्याने कशावरून ठरवले? माणसे बसवणे आणि उतरवणे यासाठीच तर गाडी असते.

आणि निष्काळजीपणा म्हणाल, तर तो माझा आहे. वर लिहिले आहे ते पुन्हा लिहिते: गाडी चुकीच्या जागी मी थांबवली. मागच्या दाराला चाइल्ड लॉक होते, ते मी लावले नव्हते. वयस्क माणसाला रस्त्याच्या बाजूने उतरताना थांबवायचे काम चालकाचे, म्हणजे माझे होते. हे सगळे मी क्लेम फॉर्ममध्ये जसेच्या तसे लिहून दिले होते. आपण मला निर्दोष ठरवता, पण मी निर्दोष ठरले की आपली जबाबदारीही संपते आणि त्या मुलीच्या हाती काहीच येत नाही. असा निर्दोषपणा मला नको आहे. विमा कंपनीने कोणत्या कारणांवर बचाव घ्यावा याची यादी कलम 150 मध्ये आहे: लायसन्स नसणे, दारू पिऊन चालवणे, खाजगी गाडी भाड्याने वापरणे, माहिती लपवून पॉलिसी घेणे, प्रीमियम न भरणे, अशी. दार प्रवाशाने उघडले, हे कारण त्यात नाही. माझे लायसन्स चालू आहे, आणि 1197 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम 3,416 रुपये मी वेळेवर भरला आहे.

दुसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. हॉस्पिटलात मी पैसे भरले, ही "कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दिलेली कबुली व रक्कम" आहे, म्हणून पॉलिसीच्या अटीचा भंग झाला, असे आपण म्हणता. ती अट मी वाचली आहे. कंपनीला न विचारता विमेदाराने परस्पर तडजोड करू नये, म्हणून ती असते. पण त्याच कायद्याचे कलम 134 सांगते की अपघात झाल्यावर जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सर्व चालकाने करायचे आणि विमा कंपनीलाही कळवायचे. मी दोन्ही केले. मी कोणताही तडजोडीचा कागद केला नाही, रक्कम ठरवली नाही, नुकसानभरपाई म्हणून एक पैसा दिला नाही. हॉस्पिटलची पावती मुलीच्या नावावर "उपचारासाठी आगाऊ रक्कम" अशी आहे. ती मुलगी स्ट्रेचरवर असताना आपल्या मुंबईच्या कार्यालयाची लेखी संमती येईपर्यंत मी काउंटरवर हात बांधून उभी राहायला हवी होते का? आपल्या घरातले कोणी त्या जागी असते तर आपण काय केले असते, एवढे मनाशी विचारून बघा.

तिसरी गोष्ट माझ्या दाराची. गॅरेजवाल्याने बिजागऱ्या, पत्रा आणि काच मिळून 23,400 रुपयांचा अंदाज दिला. सर्व्हेयर साहेब येऊन फोटो काढून गेले. तेही "प्रवाशाच्या चुकीमुळे" या कारणाने नाकारले आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा चूक कोणाची यावर चालत नाही, हे आपल्यालाच माहीत असायला हवे. सक्तीची 1,000 रुपयांची वजावट आणि नियमाने होणारा घसारा कापून बाकी रक्कम द्यावी, नो क्लेम बोनस जाईल हे मला मान्य आहे. तरीही दार महिनाभर तसेच राहिले तरी चालेल, पण त्या मुलीचे काम आधी झाले पाहिजे.

माझ्या मागण्या अशा. नकारपत्र मागे घ्यावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 149 प्रमाणे अपघाताची माहिती मिळताच कंपनीने दावा मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो. तो नेमून त्या मुलीच्या घरच्यांशी तडजोडीचे बोलणे सुरू करावे. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला तर कंपनीने माझ्या बाजूने उभे राहावे आणि मंजूर होईल ती रक्कम भरावी. "कबुली" हा शब्द माझ्या फाइलमधून लेखी काढून टाकावा, कारण उद्या फौजदारी खटल्यात तो माझ्याविरुद्ध कोणी वाचून दाखवू शकेल. आणि हे मान्य नसेल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाच्या कोणत्या वाक्यावर नकार उभा आहे, ते शब्दशः लिहावे.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा तसेच चार ओळींचे आले, तर मी विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाईन. मध्य प्रदेशाचे काम त्यांच्याच कार्यालयाकडे आहे, आणि तिथे तक्रारीला ना फी लागते ना वकील.

सोबत पॉलिसी, नकारपत्र, एफआयआर, हॉस्पिटलची पावती आणि दाराचे फोटो जोडले आहेत. एका फोटोत दाराच्या कडेला स्कूटरचा निळा रंग लागलेला दिसेल. आईंनी तो अजून पुसू दिलेला नाही.

उत्तर कृपया लेखीच पाठवावे. मुलीची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली आहे आणि तिचा उजवा हात अजून झोळीत आहे.

आपली विमेदार,
लोकमान्यनगर, इंदूर