पक्या, हस्की बुक करण्याआधी हे वाच

इंदिरानगर, नाशिक
रविवार, दुपारचे तीन

प्रिय पक्या,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघितला. निळ्या डोळ्यांचं हस्की कुत्र्याचं पिल्लू, आणि खाली "बुक करू का? लेक मागं लागलीये". दोनदा उत्तर टाइप केलं आणि दोनदा पुसलं, कारण नुसतं "नको" लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास की याच्या घरात कुत्री आहे आणि मला अक्कल शिकवतोय. म्हणून आज जेवण झाल्यावर सावकाश लिहायला बसलोय, चहा टाक आणि वाच.

आधी हस्कीचं. अरे तो बर्फातला प्राणी, अंगावर केसांचे दोन थर, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तिथं तो करणार काय? आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एकाने घेतला होता. पहिल्या उन्हाळ्यात त्याला दिवसभर एसी, मग लाइट बिल आलं तसा एसी दुपारपुरता, मग नुसता पंखा, मग रात्री रडतो म्हणून गच्चीवर, आणि दोन वर्षांचा झाल्यावर एक दिवस गायबच. विचारलं तर म्हणे "फार्महाऊसवर दिला". पक्या, नाशकात जितकी कुत्री फार्महाऊसवर गेलीत तितकी फार्महाऊसं तरी आहेत का रे? पाथर्डी फाट्याला मागच्या पावसाळ्यात एक लॅब्रेडॉर फिरत होता, गळ्यावर पट्ट्याची केस गेलेली रेघ अजून दिसत होती, आणि त्या गड्याला कचऱ्यातून काय खायचं असतं तेही कळत नव्हतं, गल्लीतल्या पोरांनी बिस्किटं टाकली तर आधी खाली बसून पंजा द्यायचा.

आणि असं सोडून देणं हा गुन्हा आहे बरं का, आजचा नाही, प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यापासून. दंड ऐकशील तर हसशील, पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. तेवढ्यात आता मिसळ पण येत नाही.

तू कोणाकडून घेतोयस तेही विचारायचं होतं. २०१७ च्या नियमाप्रमाणे ब्रीडरची, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याची, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुझ्या फोटोतलं तर मला पाच आठवड्यांचं पण वाटेना. त्याला नोंदणी नंबर विचार, आणि म्हण पिल्लाची आई दाखव. बहुतेक फोन कट होईल.

आता आमच्या चिंगीबद्दल. ती काही ब्रँडेड नाही, गल्लीतलीच, तुला माहितीये. पण खर्च आणि वेळ जातीच्या कुत्र्याला लागतो तितकाच लागला. दीड महिन्याची असल्यापासून पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लसीचे डोस, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस, पुढं दरवर्षी बूस्टर, जंताचं औषध, पावसाळ्यात गोचीड झाले की टिक फिव्हरचं टेन्शन. सकाळी साडेपाचला गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला चक्कर, रात्री परत एक. पाऊस असो, ताप असो, पाहुणे असोत. लग्नाला सगळे जण मिळून गेलो असं गेल्या सहा वर्षांत एकदाही झालं नाही, कोणीतरी एक मागं राहतोच. बायको म्हणते तिसरं मूल आहे, मी म्हणतो मुलं निदान स्वतः संडासला जायला शिकतात.

आणि चुका आपल्याकडूनच होतात, माझ्याच घरातली सांगतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मामांनी पिंपळगावहून द्राक्षांचं क्रेट पाठवलं. अण्णा सोफ्यावर बसून खातायत, चिंगी समोर, दोन मण्यांमागं एक तिला. प्रेमानेच रे. माझ्या डोळ्यासमोर चाललं होतं आणि मी पेपर वाचत होतो! रात्री चिंगीला उलट्या, सकाळी कोपऱ्यात पडून, पाणी पण नको. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "द्राक्षं खाल्ली का?" मी म्हटलं हो, तर ते क्षणभर गप्पच झाले. द्राक्षाने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, मनुके-बेदाणे तर अजून वाईट, कारण तीच द्राक्षं पण सुकलेली. किती खाल्ली की त्रास होतो याचा हिशोबच नाही, एखाद्याला मूठभर पचतात आणि एखाद्याला चार मण्यांत होतं. तीन दिवस सलाइन लावलं, रोज सकाळी घेऊन जायचं, संध्याकाळी आणायचं, रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत अण्णा घरात कोणाशी बोलले नाहीत. वाचली नशिबाने. तेव्हाच कळलं की कांदा पण चालत नाही, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आम्ही तिला वर्षानुवर्षं उरलेली रस्साभाजी पोळीत कुस्करून घालत होतो. म्हणजे बघ, नाशिकची दोन मोठी पिकं, द्राक्ष आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विष. मी जन्मापासून इथला आणि हे मला चाळिशीत कळलं.

गेटवरच्यांचं पण सांगायचंय, कारण घरात कुत्रं आलं की बाहेरची कुत्री पण दिसायला लागतात, आधी ती नुसती रस्त्यावर असतात. आमच्या गेटला चार आहेत. दोन पार्ट्या पडल्यात सोसायटीत. एका काकूंची पार्टी, त्या रोज रात्री पार्किंगमध्ये दूध-पोळी टाकतात, जिन्याखाली, जिथं पोरं सायकली लावतात तिथंच. दुसरी सेक्रेटरींची, त्यांचं म्हणणं सगळ्यांना गाडीत घालून त्र्यंबकच्या जंगलात सोडा. मला दोघांचंही पटत नाही. सोडून काय होणार, इथली जागा रिकामी झाली की आठ दिवसांत दुसरी येणार, बिनलसीची, अनोळखी, जास्त भुंकणारी. आणि तिकडं सोडलेली बिबट्याच्या तोंडी, त्याला ऊस असो नाहीतर वस्ती, कुत्र्यासारखी सोपी शिकार नाही. पण सेक्रेटरी पूर्ण चूक आहेत असंही नाही, ज्याच्या पोराला चावतं त्याला भूतदया सांगू नये.

आमच्याच पोराला चावलं ना. ते पण गेटवरचं नाही, 'बी' विंगमधलं पाळलेलं पॉमेरेनियन, मालकाला लसीचं कार्ड मागितलं तर म्हणे "घरातच असतं, त्याला कशाला लस?" आई हळद घेऊन धावली, वर म्हणे चुना लावा. मी पोराचा हात बेसिनच्या नळाखाली धरला, साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं, तो बोंबलतोय, आई मला बोलतीये. पण तेच पहिलं औषध आहे, रेबीज एकदा उठला की मग वाचणं जवळजवळ नाहीच. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली रे, आता हातावरच देतात, आपण लहानपणी उगाच घाबरायचो.

तर गेटचं. काकूंना मी म्हटलं, काकू खायला घाला, पण जिन्याखाली नको. भटक्या कुत्र्यांच्या २०२३ च्या नियमांत पण तेच आहे, पोरं खेळतात तिथं किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर नाही, एक कोपरा ठरवायचा आणि वेळ ठरवायची. आणि नुसतं खायला घालून ऑपरेशन केलं नाही तर आपण पुण्य नाही, पिल्लं वाढवतोय. कुत्रीला दोन महिन्यांत पिल्लं होतात, वर्षाला दोन वेळा, हिशोब तूच कर. काकू चिडल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच नसबंदीच्या गाडीचा नंबर शोधून काढला. तीन झाल्या, लस टोचून, खुणेसाठी कानाचा तुकडा कापून परत त्याच जागी आणून सोडल्या, तसाच नियम आहे. चौथी एक तपकिरी आहे, ती गाडीचा आवाज आला की मंगल कार्यालयाच्या भिंतीमागं पळते. दोनदा चकवलंय तिने. मला ती फार आवडते, पण तिचंच ऑपरेशन राहिलंय.

हे सगळं मी का करतो असं तू विचारशील. तुला तपोवन आठवतंय का?

आपण पाचवीत होतो. पंचवटीतल्या वाड्यात काळी कुत्री व्यायली होती, जिन्याखाली, सहा पिल्लं. तुझ्या आजीने आपल्याला गोणपाट दिलं आणि म्हटलं गंगेच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) कडेनं लांब सोडून या, आठ-आठ आणे देते. तुझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं आपण. तू चालवत होतास, मी मागून पळत गोणपाट धरत होतो, आतून ती हलत होती, कोमट लागत होतं हाताला. तपोवनात झाडाखाली सोडली आणि एक चालत आपल्या मागं आलं, तेव्हा आपण हसत सायकल पळवली. आठ आण्यांचा बर्फाचा गोळा खाल्ला रामकुंडावर. काळी तीन दिवस जिना हुंगत फिरत होती. आजीचा राग नाही माझा, तेव्हा सगळेच तसं करायचे, लोकांना दुसरं काही माहीतच नव्हतं. पण आपण हे कधी बोललो नाही पक्या, तीस वर्षं झाली, एकदा पण नाही. मला त्या कोमट गोणपाटाची आठवण चिंगी पहिल्यांदा मांडीवर झोपली तेव्हा आली.

म्हणून सांगतो, हस्की नको, आणि उलट खरं सांगू का, तू आत्ता गल्लीतलं पण घेऊ नकोस. तुमचं घर सकाळी आठला कुलूप लागतं ते रात्री आठला उघडतं, त्यात बारा तास एकटं पिल्लू काय करणार, सोफा खाणार आणि रडणार. लेक आत्ता नऊची आहे, कुत्रं म्हातारं होईल तेव्हा ती शिकायला कुठंतरी बाहेर असेल, आणि त्याचं आंधळेपण, त्याचं घरात मुतणं सगळं तुझ्या आणि वहिनीच्या गळ्यात. ते जमणार असेल तर माझी ना नाही.

एक करू. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला पंधरा दिवस इकडं पाठव. फटाक्यात चिंगी पलंगाखाली जाऊन थरथरते, तिच्याजवळ बसायला माणूस लागतंच. सकाळी साडेपाचला मी उठवणार, कडाक्याची थंडी असली तरी, आणि घाण उचलायची पिशवी तिच्या हातात असेल. सोळाव्या दिवशी तिलाच विचार. आणि तू तिला न्यायला येशील तेव्हा एक तास काढून ये, तपोवनात जाऊन येऊ.

तुझा,
संज्या

ता.क. बुकिंगचे पैसे दिले असशील तर परत माग, आणि त्या माणसाचा नोंदणी नंबर मिळाला का ते कळव.