पिल्लाचे वय पाहा, मगच हात लावा

मा. संपादक,

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात झाडांवर सर्वांत जास्त हत्यारे चालतात. आंबे उतरले की मानकुरादाच्या फांद्या कमी केल्या जातात, वीज खाते तारांना टेकणारी झाडे छाटते, पाडेली मिरगाआधी माडांची सुकी चुडते काढून टाकतात. शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याची पिल्ले घरट्यात असण्याचे दिवसही नेमके हेच. फांदी खाली येते, तिच्याबरोबर काटक्यांचे घरटे येते, आणि अंगणात कापसाच्या बोळ्यासारखे पिल्लू दिसते. पुढे सहसा एकच गोष्ट घडते. कोणीतरी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, चमच्याने पाणी पाजतो आणि ‘वाढवू या’ म्हणतो. त्या क्षणी विचारायला हवा असा एकच प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडे कोणी विचारत नाही: पिल्लाचे वय किती दिवसांचे?

या प्रश्नावर शतकानुशतके डोके घातले ते शिकारीसाठी बाज पाळणाऱ्यांनी. बाज म्हणजे गोशॉक, शिक्र्याच्याच कुळातला पण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि ताकदवान पक्षी. जुन्या बाजदारांच्या भाषेत मादी तेवढी ‘बाज’, नर तो ‘जुर्रा’. हा पक्षी गोव्याचा नव्हे. भारतात तो हिमालयाच्या रांगांत घरटी करतो, त्यामुळे सौराष्ट्रातील भावनगरसारख्या संस्थानांनाही बाज उत्तरेकडूनच आणावे लागत. आपल्याकडे गावांत आणि कुळागरांत शिक्रा, आणि मोले, नेत्रावळी, म्हादईच्या रानांत डोक्यावर तुरा असलेला बाजाचा एक भाऊबंद. पिल्लाला घरट्यातून कधी काढावे याबद्दल बाज पाळणाऱ्यांना जे कळले, ते आपल्याला उलट्या बाजूने उपयोगी पडते. कधी अजिबात काढू नये, आणि काढले तर काय बिघडते, हे त्यातून कळते.

बाजाची मादी साधारण तीन-चार अंडी घालते आणि पाचेक आठवडे ती उबवते. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून मादी जवळजवळ सतत त्याच्यावर बसून असते. नर शिकार आणतो, मादी तिचे बारीक तुकडे करून भरवते. दोन आठवड्यांच्या सुमारास पंखांवर निळसर काळ्या नळ्या फुटतात, त्यांतून पिसे उमलतात. चौथ्या आठवड्यात पिल्लू स्वतः मांस फाडू लागते. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास ते घरट्यातून बाजूच्या फांदीवर सरकते, नर थोडा आधी आणि अंगाने जड मादी चार-पाच दिवसांनी. त्यानंतरही ते आईबापांच्या जिवावरच जगते. पूर्ण पिसे येऊन स्वतः शिकार जमेपर्यंत सत्तर ते नव्वद दिवस जातात.

आता वयाचा हिशेब. ज्यांना माणसाळलेलाच बाज हवा असतो ते पिल्लू दहा ते चौदा दिवसांचे असताना घेतात. ऊब धरायची ताकद नुकतीच आलेली असते आणि ‘माझी जात कोणती’ हे मनावर उमटायचे बाकी असते. अशा पिल्लाला माणूसच आपला वाटतो. पण त्याची किंमत फार मोठी आहे. त्याला एक दिवसही भूक कळू द्यायची नसते. मांस हाताने न भरवता ताटलीत कायम ठेवायचे असते, कारण माणसाच्या हातातून घास येतो हे एकदा त्याच्या डोक्यात बसले की तो माणूस दिसताच किंचाळू लागतो, भक्ष्यावर पंख पसरून झाकतो आणि पुढे हातावर, तोंडावर झडप घालतो. वयात आल्यावर हे वाढते, कमी होत नाही. मुरलेल्या जाणत्यांचेही असे पक्षी बिघडतात.

तिसरा आणि चौथा आठवडा बहुतेक जाणते टाळतात. या वयात पिल्लाला माणसाची भीती कळू लागलेली असते, ते पाठीवर पडून नख्या वर करते. पण पोट अजून दुसऱ्याच्याच हाती असते. घाबरायचे ज्याला, मागायचेही त्याच्याकडेच, अशा कोंडीत वाढलेला बाज धड रानाचा राहत नाही, धड माणसाचा होत नाही. म्हणून जुन्या युरोपीय बाजदारांचा कल पिल्लू शक्य तितक्या उशिरा, फांदीवर यायच्या बेतात असताना घेण्याकडे होता. आज बंदिस्त पैदास करणारे तर अनेकदा दहा-बारा आठवडे पिल्लू आईबापांजवळच ठेवतात. अमेरिकेत जिथे परवान्याने रानातले पिल्लू घेता येते तिथेही घरट्यात किमान एक पिल्लू मागे ठेवावे लागते, आणि शिकाऊ परवानाधारकाला घरट्यातून काढलेले पिल्लू बाळगता येत नाही. नवख्याच्या हातून ते हटकून बिघडणार, हे त्या नियमातच गृहीत धरले आहे. आपल्याकडे मात्र खोके घेऊन बसलेला प्रत्येक माणूस नवखाच असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यात पक्षी पकडणेच नव्हे, तर त्याची अंडी किंवा घरटे विस्कटणे हीसुद्धा ‘शिकार’ आहे. वन्य प्राणी-पक्षी ही सरकारची मालमत्ता असून ती कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे ‘आम्ही फक्त मोठे होईपर्यंत ठेवतो’ याला जागा नाही. वन खात्याच्या जवळच्या कार्यालयाला त्याच दिवशी फोन करावा, 48 तास संपायची वाट पाहू नये.

आधी पिल्लू कोणाचे ते पाहा. पोर्तुगीजमध्ये बाजाला ‘असोर’ म्हणतात, आणि असोर बेटांना हे नाव तिथल्या एका वेगळ्याच शिकारी पक्ष्याला बाज समजल्यामुळे पडले असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. इतकी ही गफलत सोपी आहे. आपल्याकडे बदामासारखा किंवा हृदयासारखा चेहरा आणि सापासारखा फुत्कार असेल तर ते गव्हाणी घुबडाचे पिल्लू. पाय आखूड आणि पंजे दुबळे असतील तर बहुधा घारीचे. पाय लांब आणि काटकुळे असतील तर बहुधा शिक्रा.

मग वय. नुसती पांढरी लव, मान धरवत नाही, डोळे अर्धवट मिटलेले, तर ते पहिल्या आठवड्यातले. घोट्यांवर बसते, लव दाट झाली आहे आणि पंखांवर काळ्या नळ्या दिसतात, तर मधल्या वयातले. अंगावर पिसे, डोक्यावर थोडी लव, शेपटी अर्धी वाढलेली, काठी पुढे केली तर पंजा घट्ट मिटून तिच्यावर उभे राहते, तर ते फांदीवर येण्याच्या वयाचे. या तिसऱ्या प्रकारातली पिल्ले खरे तर ‘पडलेली’ नसतातच. उडायला शिकताना ती अशीच खाली येतात, आईबाप जवळच्या झाडावरून पाहत असतात. त्यांच्यावर हलका टॉवेल टाकून उचलावे, कुत्र्या-मांजरांच्या टापूबाहेर दोन-तीन मीटर उंचीच्या फांदीवर ठेवावे आणि तिथून निघून जावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकतात ही समजूत चुकीची आहे. आपण झाडाखाली उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करत असलो की ते येत नाहीत, हे मात्र खरे.

घरट्याच्या वयातले पिल्लू जखमी नसेल तर त्याची जागा झाडावरच आहे. घरटे शाबूत आणि पोहोचण्याजोगे असेल तर परत त्यात. नसेल तर 30 ते 40 सेंटिमीटर रुंदीची बांबूची किंवा वेताची टोपली घ्यावी. तळाला पाणी निथळायला भोके हवीत, नाहीतर पहिल्याच वळवाच्या सरीत पिल्लू भिजत बसते. आत सुक्या काटक्यांचा थर द्यावा, मोडलेल्या घरट्याच्याच काटक्या असल्या तर उत्तम. काथ्या अजिबात घालू नये. हाताशी असतो म्हणून लोक तो हमखास घालतात, पण त्याचे धागे बोटांना गुंडाळून रक्त थांबते आणि बोट काळे पडते. कापडाचे सुटे दोरेही तेच करतात. टोपली त्याच झाडाला, ते पाडले असेल तर शेजारच्या झाडाला, दुपारच्या उन्हाआड आणि जमेल तितक्या उंच दुबेळक्यात बांधावी. मग चाळीस-पन्नास मीटर मागे सरून पाहावे. अंधार पडेपर्यंत मादी आली नाही आणि पिल्लू लहान असेल, तरच ते रात्रीपुरते उतरवायचे आणि वन खात्याच्या हवाली करायचे.

त्या एका रात्रीतच सर्वांत जास्त चुका होतात. चोचीत पाणी ओतणे ही पहिली. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. पिल्लाला लागणारे पाणी मांसातूनच मिळते. दुसरी चूक गार पडलेल्या पिल्लाला भरवण्याची. अंग थंड असेल तर अन्न पचत नाही, गळ्यातल्या पिशवीत कुजते आणि पिल्लू सकाळपर्यंत मरते. आधी ऊब, मग घास. पण मे महिन्यातल्या गोव्यात दिवसा दिव्याची गरज नसते. पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यात चोच उघडून धापा टाकणारे पिल्लू उष्म्यानेच जात असते. रात्री, पाऊस झाला असेल तर, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे पिल्लाला हवे तर जवळ, हवे तर दूर होता येते. खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि कोवळे सांधे तसेच बसतात. खरखरीत टॉवेल किंवा काटक्या घालाव्यात.

दूध, पाव, भात, डाळ यांतले काहीही शिक्र्याचे अन्न नाही. शिक्रा पाली, सरडे, उंदीर, लहान पक्षी, मोठे किडे आणतो, आणि पिल्लाला त्यांतून हाडेही मिळतात. बाजारातले बोनलेस चिकन दिले तर पोट भरते, पण चुना मिळत नाही. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेते, आणि थोड्याच दिवसांत पाय वाकतात, पंखाचे हाड नुसत्या फडफडण्याने मोडते. हे नंतर औषधाने सरळ होत नाही. एका रात्रीचा प्रश्न असेल तर कोंबडीचे ताजे मांस बारीक चिरून, त्यात कोवळे हाड ठेचून मिसळावे आणि चिमट्याने द्यावे. गळ्यातली पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचे देऊ नये. घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर कधीच नको, त्याने शेजारच्या घरी ठेवलेले विष खाल्लेले असू शकते. ताजे कबूतरही नको. त्यातून चोचीत पिवळट चट्टे उठवणारा आणि बाजाच्या पिल्लांना मारणारा रोग येतो, म्हणून बाज पाळणारे कबूतर आधी गोठवून घेतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना त्या दिवशी दिसत नाही. पिसे वाढत असताना पिल्लाचा एखादा दिवस उपाशी गेला, किंवा ते फार घाबरले, तर त्या दिवशी वाढलेला पिसांचा भाग कमकुवत राहतो. सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर आडवी रेघ उमटते. उडायला लागल्यावर पिसे तिथेच तुटतात, आणि नवी पिसे थेट पुढच्या वर्षीच्या पीसझडीत येतात. शेपटी आणि पंख तुटलेला शिक्रा तोपर्यंत शिकार कशी करणार?

अनुभवी केंद्रात अशा पिल्लाला माणूस दिसूच देत नाहीत. खाणे आडून, नळीतून आत सरकवतात. जवळ त्याच जातीचा मोठा पक्षी असेल तर पिल्लू त्याच्या नजरेसमोर वाढवतात, किंवा त्याच वयाची पिल्ले असलेल्या दुसऱ्या घरट्यात ठेवतात, आणि शिकारी पक्षी असे परके पिल्लू बहुधा स्वीकारतात. ते जमले नाही तर उडायच्या थोडे आधी झाडावरच्या उघड्या पेटीत ठेवून, ते स्वतःहून यायचे थांबेपर्यंत कित्येक आठवडे तिथे रोज खाणे ठेवतात. एवढा खटाटोप न करता घरी वाढवलेला शिक्रा ‘मोकळा’ केला तर तो भूक लागली की पहिल्या दिसेल त्या माणसाच्या खांद्याकडे झेपावतो. समोरच्याला तो हल्ला वाटतो, आणि हातात काठी असतेच.

वीज खाते, पंचायती आणि बागायतदार यांच्याकडे म्हणून एक मागणे आहे. छाटणीआधी झाडाखाली पांढरी शीट, पिसे, हाडांचे तुकडे दिसतात का ते पाहावे, आणि पाडेलीला विचारावे, कोणत्या झाडावर काय आहे हे त्याला सर्वांआधी ठाऊक असते. घरटे असेल तर तेवढी फांदी महिनाभर राहू द्यावी. तार खरोखरच धोक्यात असेल तर आधी वन खात्याला बोलवावे, मग करवत चालवावी.

आणि आपल्यालाही एक विनंती. तळहातावर पिल्लू घेतलेल्या माणसाचे छायाचित्र ‘जीवदान’ अशा मथळ्याखाली छापले की दुसऱ्या दिवशी आणखी चार पिल्ले घरट्याखालून उचलली जातात. असे छायाचित्र छापायचेच असेल तर पिल्लू कोणत्या वयाचे होते, ते झाडावर परत का ठेवता आले नाही आणि आता ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढ्या तीन ओळी त्याखाली द्याव्यात.

आपले,
पक्षी-पुनर्वसनाचे काम करणारे काही वाचक, फोंडा