दत्त्याला, इंग्लंडातल्या क्लीव्हडनहून

प्रिय दत्त्या,

सुमीच्या दिवसांनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी, साखर जागेवर.

लिहितोय कारण मुक्ताला इथल्या पिअरवर सुमीच्या नावाची पितळी पट्टी बसवायची आहे. पिअर म्हणजे समुद्रात ३१२ मीटर घुसलेला धक्का, आता फिरायलाच जास्त. तिथे बोटाएवढ्या पट्ट्यांवर नावंच नावं. काल वाकून वाचत गेलो, तर वाऱ्याने टोपी नेली.

धक्का १८६९ सालचा. पाय ब्रुनेल इंजिनिअरच्या साउथ वेल्स रेल्वेच्या टाकाऊ रुळांचे, काटकुळे. तरी १०१ वर्षं उभा होता. १९७० मध्ये विम्यासाठी वजन टाकून पाहिलं आणि खांबांमधले दोन गाळे खाली! तुम्ही विमेवाले कुठेही सारखेच. नगरपालिका पाडून टाकायला निघाली होती, गावकरी अडून बसले, १९८९ साली पुन्हा उघडला.

पण सुमी इथे एकदाच आली होती रे. ओहोटी होती. भरती-ओहोटीत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो इथे, आणि पाणी सेव्हर्न नदीच्या गाळाने चहासारखं. "हा कसला समुद्र? खाडी आहे ही!" म्हणाली, आणि डोक्यावरून शाल घेऊन गाडीत जाऊन बसली. हर्णैच्या लिलावात पदर खोचून भाव पाडणारी बाई ती. तिचं नाव या गढूळ पाण्यावर? मुक्ताला तसं म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, मला जाऊन बसायला कुठेतरी नको का?" मग मी गप्प.

आणि हो, हॅलम इथल्याच सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये पुरलेला आहे. कवी टेनिसनने ज्या गेलेल्या मित्रासाठी सतरा वर्षं कविता लिहिल्या तो. "सर, त्याची उधारी राहिली होती का?" असं तू भर वर्गात विचारलंस आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही. अजूनही चूक तुझीच. पण टेनिसन अंत्यविधीला नव्हता. थडग्यापाशी आला तो थेट १८५० मध्ये, लग्न झाल्यावर, बायकोला घेऊन. हे तेव्हा माहीत असतं तर तू काय बोलला असतास, देव जाणे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मुंजीची तारीख ठरली का?

मुक्ताला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. पट्टी लावायची ठरलीच तर सुमन लिहू की सुमी? फोन कर, पण मुक्ता कामावर गेल्यावर. घरात असली की कान इकडेच असतो.

तुझा,
अण्ण्या