आईंचा उपास सांभाळणाऱ्या मेक्सिकोतल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं नीट लिहायचं तर मला मराठीच हवी. माझा भाचा स्पॅनिश शिकतो, तो तुम्हाला फोनवर अर्थ सांगेल. आणि चारचौघांसमोर लिहितेय, कारण म्हाताऱ्या माणसाला घेऊन लांबच्या सहलीला निघताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना तुमच्याबद्दल कळावं असं फार वाटतं.

आमच्या सोळा जणांच्या ग्रुपचे तुम्ही बारा दिवस गाईड होतात. मेक्सिको सिटी, पुएब्ला आणि वाहाका. जुनी शहरं बघायची आणि तिथलं खायचं, असा बेत. तारखा ठरल्या तेव्हा मध्ये नवरात्र येतंय हे माझ्याच ध्यानात राहिलं नाही. माझ्या सासूबाई, आमच्या आई, ७४ वर्षांच्या. लग्न होऊन आल्यापासून नवरात्र धरतात, तेही उठता-बसता नव्हे, पुरते नऊ दिवस. मी सहल रद्द करायला निघाले तर म्हणाल्या, "घट धाकटी बसवेल. उपास माझा मी करीन. तू तिकिटं ठेव."

त्यांच्या बॅगेत भगर होती, साबुदाणा होता, दोन किलो शेंगदाणे होते. मेक्सिकोच्या विमानतळावर ते सगळं बाजूला काढलं गेलं. बी-बियाणं आणि धान्य आत न्यायचं नाही असा तिथला नियम, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर येताना आईंचा चेहरा मला बघवत नव्हता. तुम्ही नावाची पाटी घेऊन उभ्या होतात. पहिला प्रश्न तुम्ही माझ्या नवऱ्याला किंवा ग्रुप-लीडरला नाही, आईंना विचारलात. काय झालं म्हणून.

त्या रात्री तुम्ही हॉटेलच्या लॉबीत वही काढून बसलात. काय चालतं, काय चालत नाही, सगळं आईंकडून लिहून घेतलंत. मीठ चालतं, हळद नाही. मिरची चालते, टोमॅटो नाही. जिरं चालतं, मोहरी नाही. बटाटा चालतो, कांदा नाही. मी मध्ये पडून सांगणार होते की एवढं काटेकोर नको, पण तुम्ही मला हातानंच थांबवलंत. पान भरल्यावर वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "या यादीतलं किती आमच्याकडचं आहे, माहीत आहे?"

ताई, माझं अर्धं आयुष्य उपासाचे पदार्थ करण्यात गेलं, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. मिरची तुमची. राजगिरा तुमचा. पेरू, पपई, चिकू, सीताफळ तुमच्या बाजूचं. शेंगदाणा, बटाटा आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, रताळंही अमेरिकेच्याच बाजूचं. भगर, जिरं असं थोडं सोडलं तर आमच्या उपासाच्या ताटातलं बरंचसं गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्र ओलांडून आलेलं, पुष्कळसं पोर्तुगीजांच्या आणि स्पॅनिशांच्या गलबतांतून. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग इथं उपाशी राहायचं कारणच नाही की." त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं हसू.

घटस्थापनेच्या दिवशी बाकीचा ग्रुप सोचिमिल्कोच्या कालव्यांत रंगीत नावांतून फिरत होता. तुम्ही तुमच्या सहकाऱ्याला त्यांच्यासोबत दिलंत आणि आम्हा दोघींना जवळच्या तुल्येवाल्कोला नेलंत. हे काही कार्यक्रमात नव्हतं. राजगिऱ्यासाठी ते गाव नावाजलेलं. तिथल्या एका घराच्या ओसरीवर चुलीवर मातीचा मोठा तवा तापला होता. बाईंनी चिमूटभर दाणे टाकले, गवताच्या आखूड कुंच्यानं भराभर फिरवले आणि श्वास घ्यायच्या आत पांढऱ्याशुभ्र लाह्या ताटात ओढल्या. आई पुढे सरकल्या. त्यांच्या माहेरी हेच काम फडक्याच्या बोळ्यानं करत. जरा रेंगाळलं की दाणा करपतो, घाई केली की फुलत नाही. भाषा कुणाला लागलीच नाही. चौथ्या घाण्याला कुंचा आईंच्या हातात होता.

त्या लाह्या पिलोनसियोच्या पाकात घालून वड्या थापल्या. पिलोनसियो म्हणजे आपला गूळच, फक्त ढेपेऐवजी शंकूच्या आकाराचा. वडीचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. परतताना गाडीत तुम्ही सांगितलंत, की स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या अ‍ॅझ्टेकांच्या राज्यात मका आणि घेवड्याबरोबर राजगिराही करात भरावा लागे. राजगिऱ्याचं पीठ मधात मळून देवांच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्याच प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते आपल्या पवित्र भाकरीची विटंबना वाटलं आणि त्यांनी ही रीत दडपून टाकली. आई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "देवाचं धान्य होतं ते. आमच्याकडं अजून आहे."

वही लिहून काम संपलं असं तुम्ही मानलं नाहीत. पोहोचल्या रात्री, घट बसायच्या आधी, एका ठिकाणी शाकाहारी म्हणून आलेला भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला होता. आईंचा घास तोंडाशी होता. तुम्ही वासावरून ओळखलंत, ताट उचललंत आणि थेट आत गेलात. त्यानंतर प्रत्येक मुदपाकखान्याच्या दारात तुमचा एकच प्रश्न असे, "मांतेका?" म्हणजे डुकराची चरबी. तिकडे घेवडा त्यात परततात, बटाटेही तळतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून एक नवं कोरं मातीचं भांडं घेतलंत. आईंनी मागितलं नव्हतं. मांस शिजलेल्या भांड्यातलं त्यांना जाणार नाही, हे तुम्हीच ओळखलंत. ते भांडं पुढे दहा दिवस रुमालात गुंडाळून तुमच्या मांडीवर प्रवास करत होतं. बसच्या त्या सीटवर तुम्ही पर्सही ठेवली नाहीत.

पुएब्लात तुम्ही ग्रुपचा रोष ओढवून घेतलात, आणि तिथे तर माझा तुमच्याबद्दलचा आदर दुणावला. सगळ्यांना चिलेस एन नोगादा खायचं होतं. हिरवी मिरची, पांढरा अक्रोडाचा रस्सा, वर डाळिंबाचे लाल दाणे, त्यांच्या झेंड्याचे रंग. तुम्ही सांगितलंत, ताजा अक्रोड आणि डाळिंब यायचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबर, ऑक्टोबरात जे मिळतं ते पर्यटकांसाठी असतं, ते मी तुम्हाला खिलवणार नाही. दिवाळीत आमरस मागणाऱ्या पाहुण्याला आपली आजी हेच सांगेल. त्याऐवजी सांता क्लारा मठाजवळच्या मिठाईच्या गल्लीत नेऊन कामोते दिलेत. शिजवलेल्या रताळ्याचा साखरेत घोटलेला गर, बोटभर लांब, कागदात गुंडाळलेला. आईंनी तीन खाल्ले.

पुएब्ला १५३१ साली वसलं. तालावेराच्या निळ्या-पिवळ्या फरशा, सोन्यानं मढलेली रोसारियो प्रार्थनास्थळाची भिंत, शेजारी चोलुलाचा डोंगराएवढा पिरॅमिड आणि त्याच्या माथ्यावरचं चर्च, हे सगळं पाहिलं. पण माझ्या मनात राहिलं ते कोंपान्यियाचं चर्च. तिथे पुरलेल्या बाईची गोष्ट तुम्ही हळू आवाजात सांगितलीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून पळवलेली एक मुलगी. पोर्तुगीज चाच्यांनी पकडली, मनिलाच्या बाजारात विकली, गलबतातून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात आणि तिथून पुएब्लात आली. कातारिना दे सान हुआन हे बाप्तिस्म्याचं नाव. आशियातून येणाऱ्या साऱ्यांना तिकडे चिनीच म्हणत, म्हणून ती 'चिना'. १६८८ मध्ये वारली तेव्हा गाव तिला संत मानत होतं. तिच्यावर लिहिलेल्या चरित्रावर पुढे इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, बंदी घातली. मेक्सिकोचा प्रसिद्ध चिना पोब्लाना पोशाख तिचाच, असं बहुतेक गाईड ठोकून देतात म्हणे. तुम्ही सांगितलंत की तो पोशाख पुष्कळ नंतरचा, तिच्याशी जोडलेली ती दंतकथा. आईंनी तिचं मूळ नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, मिर्रा. आईंना ते मीरा ऐकू आलं. तुम्ही दुरुस्त केलं नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. पुढच्या दाराशी बस हॉर्न देत होती, पण तुम्ही कुणाला हलू दिलं नाहीत.

वाहाकाबद्दल लिहायला घेतलं तर वही पुरायची नाही. काळं मोले, म्हणजे तिकडचा मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, मी तिथे खाल्लं. आमच्याकडे लोकांना वाटतं की मोले म्हणजे चॉकलेटची आमटी. चॉकलेट त्यात चवीपुरतं. खरी करामत चिलवाक्ले मिरची आणि तिच्या बिया काळ्याकुट्ट भाजण्यात. सुकं खोबरं करपेपर्यंत भाजून काळा मसाला करणाऱ्या आपल्याकडच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या दोघांनी नाकतोडे खाल्ले, कुरकुरीत लागले म्हणे. मोंते आल्बान या डोंगरमाथ्यावरच्या प्राचीन शहराच्या पायऱ्या मी चढले. आई खाली तुमच्या घडीच्या स्टुलावर बसल्या, आणि तो स्टूलही पहिल्या दिवसापासून तुम्हीच वाहत होतात.

आणि तेओतित्लान देल वाय्ये हे वाहाकाजवळचं विणकरांचं गाव. मागावरच्या सतरंज्या आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून केलेला लाल रंग बघायला ग्रुप पुढे गेला. आपण तिघी एका सापोतेक, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतल्या, आजींच्या अंगणात थांबलो. कोको भाजलेला, सोललेला. पुढ्यात मेताते. तीन पायांवर उतरता पाटा, दोन्ही हातांनी धरायचा लांब वरवंटा, आणि खाली वाटीभर निखारे, म्हणजे वाटता वाटता कोको पातळ होतो. कोको उपासाला चालेल का, यावर आईंनी क्षणभर विचार केला. "फळाची बी आहे. चालेल." पण मेतातेवर गुडघे टेकून वाटायचं असतं, आणि आईंचे दोन्ही गुडघे बदललेले. तुम्ही आजींच्या नातवाला हाक मारलीत, दोघांनी मिळून तो जड दगड जाडजूड लाकडी टेबलावर चढवलात, निखाऱ्यांखाली वीट ठेवलीत. आई उभ्यानं वाटायला लागल्या.

दोन-चार हात मारले आणि थांबल्या. ओल्या फडक्यानं दगडाचा एक कोपरा पुसला, बोटांची टोकं फिरवली आणि म्हणाल्या, "गुळगुळीत झालाय. टाकी लावायला हवी." मी गप्प. दुसऱ्याच्या घरातल्या पाट्याला कुणी असं म्हणतं का? पण तुम्ही शब्द न गाळता सांगितलंत. टाकी लावणं म्हणजे छिन्नीनं टोचे मारून दगड पुन्हा खरखरीत करणं, हेही माझ्याकडून समजून घेऊन सांगितलंत. आजी आधी बघत राहिल्या. मग त्यांनीही बोटं फिरवली, आणि नातवाकडे वळून सापोतेकमध्ये बराच वेळ रागावून बोलल्या. तुम्ही हसत हसत म्हणालात, "गेलं वर्षभर त्या याला हेच सांगतायत. तो ऐकत नव्हता." मग चॉकलेट झालं. पाण्यातलं, लाकडी रवीनं दोन तळव्यांत घुसळून फेस आणलेलं. पहिला पेला आजींनी आईंना दिला.

नवमीला तुम्ही सकाळी सातला हॉटेलच्या दारात. रात्री स्वतःच्या बहिणीच्या घरी, त्याच मातीच्या भांड्यात, काळा घेवडा तेलात केला होतात, अवोकाडोचं भाजलेलं पान घालून. बडीशेपेसारखा वास येत होता. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया फडक्यात होत्या. आईंनी देवीचं नाव घेतलं, पानावर एक घास काढून ठेवला आणि उपास सोडला. तुम्ही समोर उभ्या होतात, जेवल्या नव्हतात. आईंनी तुम्हाला हात धरून शेजारी बसवलं.

ताई, सहलीचे पैसे आम्ही भरले होते. पण त्यात हे काहीच मोडत नव्हतं. तुमचे मनापासून आभार. ते भांडं मी हातातल्या पिशवीतून आणलं, चीर गेली नाही. सध्या त्यात रताळी उकडतो.

आईंचा निरोप आहे. तुमच्या आईंचा खोकला बरा झाला का, ते कळवा. आणि तेओतित्लानला गेलात की त्या आजींना तेवढं विचारा, नातवानं टाकी लावून घेतली का.

तुमची,
कोल्हापूरच्या आईंची थोरली सून